गाडी साधीच आहे

सोमेश्वरनगर
९ जानेवारी २०२५

इंद्रजित बाळा,

सुखात ऱ्हा. पत्र बघून दचकू नको, कोण गेलं न्हाय. फोन मी मुद्दाम केला न्हाय. फोन लावला की आमची सूनबाई 'सासूबाईस्नी ऐकू येत न्हाय' म्हणून स्पीकर चालू करती, आन मग सगळं घर तव्यावरची भाकरी करपंस्तोवर ऐकत बसतं. दुसरं म्हंजे फोनवर तू 'व्हय आत्या, व्हय आत्या' म्हणतोस आन ठेवला की इसरतोस. कागदाला उत्तर द्यावं लागतं. सातवी पास हाय मी, तुझ्या आबापेक्षा एक इयत्ता जास्त.

परवा तुझ्या आबाचा फोन आला व्हता. लई तापलेला. म्हणला, "आक्का, पोरानं नाक कापलं." इचारलं, काय केलं त्यानं? तर म्हणं गाडी घेतली. आरं, गाडी घेतली तर पेढं वाटायचं, नाक कुठं कापलं? तर म्हणला, तसली गाडी न्हाय. सगळा तालुका पांढऱ्या, उंच, पायरीवाल्या गाडीतनं फिरतोय, आन तू पुण्याच्या कुठल्या डाक्टरानं वापरलेली, करड्या रंगाची, भुईला टेकलेली गाडी घेऊन आलास. "मी कारखान्याच्या निवडणुकीला उभा ऱ्हाणार," म्हणला, "पुढारी गाडीतनं उतरताना दिसला पायजे. मला गाडीतनं वर चढून भाईर यावं लागतंय. दोघं जण हात धरून वढत्यात. मत कोण दील?"

मला हसू आलं, ते मी खोकल्यावर घातलं. पण रामहरीनं फोन ठेवल्यावर घोर लागला. तुझी द्राक्षबाग चांगली, दूध चांगलं, मग असली गाडी का? भावकीत लोक म्हणत्यात, पोराला मोठी झेपली न्हाय. काय असंल ते आत्याला खरं सांग. माझ्या पोटात ऱ्हातं.

आन आमच्या नातवाचं, अविराजचं लग्न ठरलं. पोरगी पळसदेवची, उत्कर्षा नाव, गुणाची हाय. मार्चात तितंच मांडव. नवरदेवाची गाडी तुझीच पायजे. आत्याच्या घरचं कार्य आन भाच्याची गाडी न्हाय, असं चालायचं न्हाय. हाय तीच आण. फुलं लावली की झाकंल.

तुझी आत्या,
प्रयागबाई


शेळगाव
१७ जानेवारी

आत्या, पाया पडतो.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच फाडलं. राग मानू नकोस, रेश्माला सापडलं असतं आणि बायको प्रश्न विचारायला लागली असती. हेही वाचून झालं की चुलीत घाल.

मी सगळ्यांना सांगितलंय की गाडी साधीच आहे. रेश्माला सांगितलं, चार दारं आहेत, डिक्की मोठी आहे, ब्रेक चांगले आहेत. यातलं एकही खोटं नाही. पण आत्या, ती साधी नाही गं! बाहेरून बघितली तर कुणा बँक मॅनेजरची वाटते. बॉनेटच्या खाली जे आहे ते आपले दोन्ही ट्रॅक्टर, विहिरीची मोटार आणि आबांचा राग एकत्र केला तरी त्याला पुरायचं नाही.

झालं असं, की पुण्याला त्या डॉक्टरांकडं द्राक्षाच्या पेट्या द्यायला गेलो होतो. त्यांनी सहज म्हटलं, बघा चालवून. पहिल्या वळणावरच मी संपलो. तुला कसं सांगू? स्टिअरिंग धरलं की रस्त्यावरचा खडासुद्धा बोटांना कळतो. वळणावर बाकीच्या गाड्या अंग टाकतात, ही तशीच्या तशी आत शिरते. सीट कमरेला धरून ठेवतं. आणि हळू चालवली तर इतकी शहाणी, की मागं दुधाची किटली ठेवली तरी साय मोडत नाही. खरी मजा त्यात आहे. नुसती पळणारी गाडी कुणीही घेईल. ही बाजाराला जाते, पोरांना शाळेत सोडते, डिक्कीत खताची पोती घेते, आणि मग निमगावच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला की तिचा आवाज बदलतो. माझ्या अंगावर काटा येतो. तेवढा वेळ डोक्यात ना कालव्याच्या पाण्याचं आवर्तन असतं, ना औषध फवारणी, ना आबांची निवडणूक. चाळिशी उलटलेला माणूस गाडीत एकटाच हसत बसलेला बघायचा असेल तर मला येऊन बघ.

रेश्माला का सांगितलं नाही, तर लग्नाच्या आधी मी मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेतला होता, तुला ठाऊक आहे. तेव्हा तिनं शब्द घेतला होता की परत वेगाच्या नादाला लागायचं नाही. आणि आबांना सांगावं तर संध्याकाळच्या आत चौकात समजेल. म्हणून गप्प बसलोय आणि लोकांची कीव सोसतोय. परवा सोसायटीच्या दारात भावकीतल्या सोनबानं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे रे, हळूहळू होतंय. पुढच्या वर्षी मोठी घेशील." त्याच्या त्या पांढऱ्या धुडाला मी मागं वळून हात करत पुढं जाऊ शकतो, आणि तोंडातनं शब्द काढता येत नाही. पोट फुगलंय माझं.

लग्नाला मात्र दुसरी गाडी बघ. बॅंजोच्या मागं मुंगीच्या पावलानं चालायची हिची जात नाही. शिवाय प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागते, नाहीतर पोट घासतं. नवरदेवाचा फेटा छताला लागेल तो वेगळाच.

तुझा,
इंद्रजित


सोमेश्वरनगर
२५ जानेवारी

इंद्रजित,

चुलीत घाल म्हणलास. आमच्यात गॅस हाय. मग परसात काडी लावून जाळलं, तर सूनबाईला वाटलं म्हातारी कुणावर काय तरी करतीय. दोन दिस माझ्या हातचा च्या पीत नव्हती.

तुझं सगळं कळलं असं न्हाय, पण निम्मं कळलं. माझ्या बापाची, दादांची, म्हंजे तुझ्या आजोबाची, खिलार बैलजोडी व्हती. बाजाराला तीच, मळ्याला तीच, पाव्हण्याला आणायला बी तीच. रस्त्यानं निघाली की लोकांस्नी वाटायचं, गरीब हायत बिचारी. आन माळावर गेली की दादा कासरा नुसता सैल सोडायचं, हाक बी मारायचं न्हाय. तुझा आबा त्या गाडीतनं दोनदा पडलाय. म्हणून त्याला आता पायरी लागती.

पण एक इचारते. रेश्मा रोज बारामतीला कॉलेजात शिकवायला यष्टीनं जाती ना? उन्हात स्टँडवर उभी ऱ्हाती ना? मग चार दारांची गाडी घेऊन तिच्यासाठी त्यातलं एक बी दार का उघडत न्हाईस? ह्याचं उत्तर आधी दे. बाकीचं ऱ्हाऊ दे.

आन रविवारी ये. मला बसायचंय.

आत्या


शेळगाव
४ फेब्रुवारी

आत्या, पाया पडतो.

तुझं काहीच कळेना म्हणून मीच लिहितोय. रविवारी तुला मोरगावपर्यंत नेऊन आणलं. जाताना तू सारखी बोलत होतीस, ह्याचा ऊस, त्याची विहीर. मग रस्ता मोकळा झाला आणि मी जरा दाबली. तिथपासून दारात उतरेपर्यंत तू एक अक्षर बोलली नाहीस. पदर तोंडाला लावलेला, डोळे मिटलेले. उतरताना माझा खांदा धरलास तेव्हा हात थरथरत होता. वहिनींनी, तुझ्या सूनबाईंनी, विचारलं तर "दर्शन झ्याक झालं" एवढंच म्हणालीस. आपण देवळात गेलोच नव्हतो आत्या, बाहेरूनच वळलो होतो! मला फार वाईट वाटतंय. बीपीची गोळी घेतेस ना?

रेश्माचं विचारलंस. मी तिला म्हटलं होतं, सोडतो तुला. ती बरं म्हणाली, पर्स घेऊन तयारसुद्धा झाली. मग माझ्या डोक्यात आलं, बारामतीपर्यंत रस्ता सरळ आहे, माझा पाय जाग्यावर राहणार नाही आणि हिला कळेल. म्हणून म्हटलं, पेट्रोल नाही. ती यष्टीनं गेली. हे लिहितानासुद्धा मला बरं वाटत नाही.

आणि आता खरा घोर ऐक. आबांनी ठरवलंय, पाडव्याला ही द्यायची आणि उंच गाडी आणायची. दोन्ही ठेवायच्या नाहीत, कारण निवडणुकीच्या तोंडावर दारात दोन गाड्या दिसल्या तर लोक म्हणतील मस्ती आली. शोरूमच्या माणसाला सांगूनही झालं. मी भांडणार कसा? साध्या गाडीसाठी कुणी भांडतं का? आत्या, ही गेली तर मला फार लागेल. लहान पोरासारखं लिहितोय, पण खरं आहे.

तुझा,
इंद्रजित


सोमेश्वरनगर
९ फेब्रुवारी

इंद्रजित,

येडा हायस. डोळं मिटलं ते भ्यानं न्हाय. मला हसू आवरंना. तोंड उघडलं असतं तर कवळी तुझ्या काचेवर जाऊन आदळली असती, म्हणून पदर दाबून धरला व्हता. आन हात थरथरत व्हता तो 'आणिक एकदा चल' म्हणायला लाज वाटत व्हती म्हणून. गोळी घेतली. डाक्टर म्हणला बीपी कधी न्हाय ते बरं हाय.

ती गाडी जायची न्हाय. मी जाऊ द्यायची न्हाय. आता नीट ऐक. तुझा आबा मानाचा भुकेला हाय, रांगत व्हता तवापासनं. अविराजच्या लग्नात तो माईकवर आशीर्वाद द्यायला उभा ऱ्हाणार. आपल्याकडं अर्ध्या तालुक्यानं भाषण ठोकल्याबिगर अक्षता पडत न्हायत, आन औंदा निवडणूक हाय म्हणल्यावर तो पहिल्यांदा माईक धरणार. चार गावचं लोक जमत्याल. तितं फुलं लावलेली तुझी गाडी मांडवाच्या दारात थांबली, त्यातनं नवरदेव उतरला, आन लोक म्हणलं, "कुणाची गाडी? रामहरी आबाची!" की झालं. मग तो इकायचं नाव काढायचा न्हाय.

बॅंजोमागं तुला चालवायचं न्हाय. पळसदेवात गेल्यावर वरात घोड्यावर काढू. मी संगं बसते. तू फकस्त पोचव.

आत्या


शेळगाव
१३ फेब्रुवारी

आत्या,

येतो. फुलं दोऱ्यानं बांधा, चिकटपट्टी लावायची नाही, रंग निघतो. अविराजला सांग, फेटा मांडीवर घेऊन बसायचं. आणि मला 'हाण' म्हणू नकोस, माझ्याच्यानं राहवणार नाही.

इंद्रजित


सोमेश्वरनगर
१२ मार्च

इंद्रजित,

तू मला आन नवरदेवाला मांडवात सोडून सूनबाईला आणायला माघारी गेलास, म्हणून मधलं तुला ठाऊक न्हाय. परत आल्यावर बोलायला सवड मिळाली न्हाय, आन आबा आल्यावर तू कुठं दडलास ते देवाला ठाऊक. म्हणून लिवते.

आधीच सांगते, भिगवणचा रस्ता मोकळा बघून मीच 'हाण' म्हणले. त्यात तुझा दोष न्हाय.

आपुण मांडवात शिरलो तवा उत्कर्षाचा बाप बनियनवर दाढी करत बसला व्हता, एका गालाला साबण. खुर्च्या टेम्पोतच व्हत्या. मुजफ्फरभाई आचारी चुलाणावरनं वरडला, "भात अजून चढला न्हाय, नवरदेवाला गावातनं फिरवून आणा!" बायकांनी ओवाळायला ताट आणलं तर निरांजनात तेल न्हाय, मग कढईतलं घातलं, भज्याचा वास येत व्हता. त्यांचं बी काय चुकलं? नवरदेव दोन-तीन तास उशिरानं येणार असं धरूनच सगळं बेतलेलं. वेळेआधी आलेला नवरदेव त्या गावात कुणी बघितलाच नव्हता. पोरीच्या बापाला वाटलं, आपुण लग्न मोडायला आलो. हात जोडून म्हणला, "आक्का, आमचं काय चुकलं का?" मी म्हणले, "चुकलं न्हाय बाबा, गाडी चांगली हाय."

तेवढ्यात भटजी पुढं आलं. त्यास्नी त्याच दिवशी दुसरीकडं एक लग्न व्हतं. म्हणलं, नवरदेव हाय, नवरी हाय, मुहूर्त हाय, वरमाय तेवढी आणा. म्हणून तुला पिटाळलं. तू सूनबाईला घेऊन आलास, ती उतरली तवा आंबाडा सुटलेला, डोळं हे एवढं. पहिलंच वाक्य काय बोलली म्हाईत हाय? "सासूबाई, मोरगावला तुमी कसलं दर्शन घेतलं ते आज कळलं."

अक्षता बरोबर मुहूर्तावर पडल्या. एकाचं बी भाषण झालं न्हाय. भाषणवालं सगळं मागं वऱ्हाडातच व्हतं. लोकांस्नी खरंच वाटंना. मंगलाष्टक संपल्यावर सगळी तशीच उभी, कोण तरी माईक धरंल म्हणून वाट बघत. मग मुजफ्फरभाईनं पंगत बसवली आन एक म्हातारा माझ्यापाशी येऊन म्हणला, "बाई, लग्नातला भात वाफाळलेला असतो हे आज कळलं."

मग वऱ्हाड आलं. पुढं बॅंजो, मागं तुझा आबा, फेटा बांधलेला, खिशात भाषणाचा कागद. आन हितं लोक ताक पीत बसल्यालं. त्याचं तोंड बघवंना. माझा डाव माझ्यावरच उलटला, बाळा. तिकडं काय झालं ते कळव.

आत्या


शेळगाव
१६ मार्च

आत्या, पाया पडतो.

तू मांडवातलं लिहिलंस, आता रस्त्यावरचं ऐक. वऱ्हाड भिगवणच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलं होतं. कुणालाही घाई नव्हती. बॅंजोवाले टेम्पोतून उतरून रस्त्यातच वाजवत होते आणि पाहुणे नाचत होते. मी समोरून रिकामी गाडी घेऊन येताना दिसलो तसा बॅंजो बंद पडला. त्यांना वाटलं, नवरदेव पळाला. त्यांना समजावलं आणि वहिनींना बसवलं. आबांना म्हटलं, तुम्हीही चला, जागा आहे. सगळी बस खिडक्यांतून बघत होती. आबा म्हणाले, "एवढ्या माणसांसमोर मी ह्या गाडीत वाकून बसणार न्हाय." बसले असते तर मुहूर्ताआधी पोचले असते आणि भाषण झालं असतं. हे त्यांनाही कळलंय, म्हणून राग दुप्पट आहे. आल्या दिवसापासून एकच, "वीक ते डबडं."

ते मी सोसलं असतं. पण रेश्मा त्या बसच्या खिडकीत होती. मी गाडी वळवली आणि निघालो. वेगाचा काटा कुठं होता ते लिहीत नाही, कागदावर राहतं. बसमधल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि जेवताना अविराजनं सगळ्या पंगतीला सांगितलं की ही गाडी काय चीज आहे. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे, आजकालच्या पोरांना मागच्या बिल्ल्यावरून कळतं. रेश्मा वाढायला उभी होती. हातातली वाटी तिनं खाली ठेवली आणि आत गेली.

घरी येताना ती बसनंच आली. तेव्हापासून बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो. "जेवायला वाढलंय" आणि "दार लावून घ्या", एवढंच. सकाळी यष्टीला जाताना गाडीच्या शेजारून जाते आणि तिच्याकडं बघतसुद्धा नाही.

पाडव्याला शोरूमचा माणूस येतोय. जाऊ दे गाडी. मला आता रेश्माचं जास्त लागलंय.

तुझा,
इंद्रजित


सोमेश्वरनगर
२१ मार्च

इंद्रजित,

जाऊ दे म्हणतोस? मोठा शाणा! गाडी इकून आलास तर रेश्मा काय म्हणंल, वाटतंय तुला? म्हणंल, बघा, लबाडी उघडी पडली म्हणून इकली. ती गाडीवर रुसली न्हाय रे. तिला पेट्रोल न्हाय म्हणून सांगितलंस ना, त्यावर रुसलीय. पर्स घेऊन तयार झालेली बाई ते इसरत न्हाय. मी बी इसरले नसते.

आता माझं ऐक. तिला सगळं सांग, पहिल्यापासनं, मला लिवलंस तसं. बोटांना खडा कळतो, अंगावर काटा येतो, सगळं. माफी मागत बसू नको, ती ऐकायची न्हाय. आन किल्ली तिच्या हातात दे. गाडी चालवता येती ना तिला? तुझ्या जुन्या गाडीवर शिकलेली हाय, मला ठाऊक हाय. पुढं ती करंल ते खरं.

तुझ्या आबाकडं मी बघते. हितं तीन पोरींचे बाप येऊन गेलं, नवरदेवासाठी तुझीच गाडी पायजे म्हणून. म्हणत्यात, ती गाडी आली की लग्न येळेत लागतं आन भाषण व्हत न्हाय. मी लगेच रामहरीला फोन लावला. म्हणले, "आरं, सगळीकडं तुझंच नाव हाय. रामहरी आबा म्हंजे येळेचा माणूस, म्हणत्यात." मग हळूच म्हणला, "कोण कोण म्हणतंय?" भाषणाचं तेवढं मी सांगितलं न्हाय.

आत्या


शेळगाव
९ एप्रिल

आत्या, पाया पडतो.

गाडी वाचली. पण माझ्या हातून गेली. सविस्तर सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच रविवारी रेश्माला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत मान वर केली नाही. मी किल्ली पुढं ठेवली. तिनं हात धुतले, पुसले, किल्ली घेतली आणि म्हणाली, "तुम्ही डाव्या बाजूला बसा."

बारामती रोडला काढली. आधी गपगुमान चालवत होती, ट्रॅक्टर दिसला की मागं राहायची. लासुर्ण्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि तिनं पाय दाबला. मी वरची कडी धरली. आत्या, मला वाटायचं ही गाडी मला कळते. शेजारी बसल्यावर कळलं की ती केवढी आहे! रेश्मा समोर बघत होती, ओठ घट्ट. मला वाटलं रागानं दाबतेय. मग बघितलं तर गालाला खळी पडली होती. बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती ती. परत येताना म्हणाली, "एकटेच एवढे दिवस ही मजा घेत होतात?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कडीच धरून बसलो.

पाडव्याला शोरूमचा माणूस आला. आबांनी करड्या गाडीची किल्ली मागितली. रेश्मा ओसरीवर आली आणि म्हणाली, "आबा, तुमची उंच गाडी अवश्य घ्या. ही माझ्या कॉलेजची आहे. यष्टी वेळेत येत नाही, आणि आता आपण वेळेची माणसं झालो आहोत." आबा म्हणाले, "दारात दोन गाड्या? लोक काय म्हणतील?" तर म्हणते कशी, "म्हणतील, आबांनी सुनेला गाडी दिली. बायकांचीही मतं असतात, आबा." आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग शोरूमच्या माणसालाच झापलं, की सुनेची गाडी मागायला लाज नाही वाटत?

तर उंच, पांढरी, पायरीवाली गाडी आली. तिला ड्रायव्हर मी. रोज आबांना घेऊन तालुका फिरतो. वळणावर अशी झुकते, की गोठ्याच्या पत्र्यावर खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटतं. परवा सोनबा भेटला, कौतुकानं म्हणाला, "बघ, घेतलीस का नाही शेवटी मोठी!" मी हो म्हटलं.

करडी मला रविवारी मिळते, तीही रेश्मा शेजारी असली तर. पण आत्या, एक नवीनच गोष्ट झालीय. मालक सदा आत बसलेला, त्याला आपली गाडी बाहेरून कशी वाजते ते कधी ऐकायला मिळत नाही. आता संध्याकाळी मी बागेत असतो आणि लांबून रेश्मा येते. आवाजावरून मला कळतं, आज कॉलेजात काय झालं असेल. खुशीत असली की फाट्याच्या आधी एकदा चढवते. कुणाशी वाजलं असलं की उगीचच गिअर बदलते. एवढी वर्षं संसार केला, पण ती उंबऱ्यात यायच्या आधी तिचं मन मला कधी कळलं नव्हतं.

आत्ता येतेय बघ. आज एकदम हळू, आवाज नाही, काही नाही. म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. पत्र इथंच सोडतो, ती दारात यायच्या आधी चहा टाकायला पाहिजे.

तुझा,
इंद्रजित